सिंहलद्वीपात पाहावे ते काय?

परदेशातील बौद्ध स्थळांची यात्रा आता आपल्या समाजाला अपूर्वाईची राहिलेली नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बोधगया आणि सारनाथ पाहून आलेल्या माणसाभोवती वस्तीतील लोक जमत आणि त्याच्या तोंडून प्रवासाची हकीकत ऐकत. आज निवृत्तीचा पैसा हाती आला की थायलंड, म्यानमार, श्रीलंका अशा सहलींची चौकशी सुरू होते. ज्यांच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्यांची नातवंडे पासपोर्ट घेऊन समुद्रापार वंदनेस जातात, ही गोष्ट लहान नाही. परंतु तेथून आपण काय घेऊन येतो? बहुतेकांच्या घरी एक पांढरी बुद्धमूर्ती येते, मोबाइलमध्ये पाचशे छायाचित्रे येतात आणि नातेवाइकांना वाटण्यासाठी चहाच्या पुड्या येतात. आमच्या संस्थेने शिक्षक, पालक आणि माजी विद्यार्थी यांची दहा दिवसांची श्रीलंका अभ्याससहल काढली. त्या दहा दिवसांनंतर आमचे असे मत झाले आहे की, धम्मदेशात जाणाऱ्याने स्तूप आणि मूर्ती अवश्य पाहाव्यात. पण त्याहून अधिक वेळ तेथील माणसांचा धम्माशी चालणारा रोजचा व्यवहार पाहण्यात घालवावा, आणि तो पाहताना आपली चिकित्सक बुद्धी घरी ठेवून जाऊ नये.

हे मत आमच्या पदरचे नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1950 च्या मे महिन्यात, देशाचे कायदामंत्री असताना, जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने श्रीलंकेला गेले होते. परिषदेचे उद्घाटन कँडीच्या दंतधातू विहारात झाले. तेथे जमलेल्या प्रतिनिधींना बाबासाहेबांनी आपल्या येण्याचा हेतू स्पष्ट सांगितला होता. बौद्ध लोकांचे विधी आणि संस्कार कसे चालतात हे त्यांना प्रत्यक्ष पाहायचे होते, आणि बुद्धाचा धम्म त्या देशात किती प्रमाणात जिवंत आहे हे तपासायचे होते. धम्मदीक्षेला अजून सहा वर्षे अवकाश होता. पुढे लाखो लोकांना ज्या वाटेने न्यायचे, ती वाट ते आधी स्वतः चालून पाहत होते. आमच्या लेखी परदेशी अभ्याससहलीचा आदर्श हाच आहे.

आता स्थळांविषयी. इतिहासाच्या माणसाला अनुराधपूर म्हणजे मेजवानीच होय. जेतवनारामाचा स्तूप तिसऱ्या शतकात महासेन राजाने उभारण्यास घेतला. मूळ उंची सुमारे 122 मीटर होती आणि प्राचीन जगातील सर्वांत उंच वास्तूंमध्ये त्याची गणना होते. आज उरलेली उंचीही मान दुखेपर्यंत वर पाहायला लावते. सगळे बांधकाम भाजक्या विटांचे. आमच्यासोबत आलेले एक पालक व्यवसायाने गवंडी आहेत. बाकीचे छायाचित्रे काढीत असताना ते विटांच्या सांध्यांवरून बोट फिरवीत होते. ‘एवढ्या विटा भाजायला लाकूड किती लागलं असेल, सर?’ असे त्यांनी विचारले. आमच्या सबंध सहलीत इतिहासाचा इतका चांगला प्रश्न दुसऱ्या कोणी विचारला नाही.

अभयगिरीच्या अवशेषांत फिरताना फाहियानची आठवण होते. पाचव्या शतकाच्या आरंभी तो या बेटावर दोन वर्षे राहिला होता. येथील बुद्धमूर्तीपुढे एका व्यापाऱ्याने वाहिलेला चिनी रेशमाचा पांढरा पंखा त्याला दिसला, आणि वर्षानुवर्षे मायदेशापासून दूर असलेल्या त्या वृद्ध भिक्षूच्या डोळ्यांत पाणी आले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. हे आम्ही मुलांना तेथेच, झाडाच्या सावलीत बसवून सांगितले. वर्गात दहा वेळा सांगूनही न कळलेला फाहियान त्यांना त्या दिवशी कळला असावा. जवळच समाधी मुद्रेतील प्रसिद्ध बुद्धमूर्ती आहे. पंडित नेहरूंनी डेहराडूनच्या तुरुंगात असताना हिचे चित्र आपल्या कोठडीतील टेबलावर ठेवले होते, याची नोंद त्यांच्या आत्मचरित्रात आहे.

महाबोधी वृक्षापुढे मात्र व्याख्यान द्यावेसे वाटले नाही. संघमित्रा थेरीने बोधगयेहून आणलेली ही फांदी. सव्वादोन हजार वर्षे पिढ्यांमागून पिढ्यांनी जपलेली. वृक्ष उंच चौथऱ्यावर, सोनेरी कठड्याच्या आत आहे. त्याच्या जुन्या फांद्यांना आधाराचे खांब दिलेले आहेत, जशी घरातील म्हाताऱ्या माणसाला काठी द्यावी तशी. वाऱ्याने एखादे पान खाली आले की शंभर माणसांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. आपल्या देशातून धम्म नाहीसा होत असताना त्याची एक फांदी शेजाऱ्याने जगवली, आणि 1931 मध्ये सारनाथचा नवा विहार उभा राहिला तेव्हा तिचेच रोप तेथे परत आले. कृतज्ञता या शब्दाचा अर्थ त्या चौथऱ्यापाशी उभे राहिल्यावर कळतो.

तरीही आम्हाला कोणी आवडते स्थळ विचारले तर आम्ही मिहिंतलेचे नाव घेऊ. चाफ्याच्या झाडांमधून चढत गेलेल्या 1840 पायऱ्या, आणि वर ती जागा, जेथे महेंद्र थेर आणि देवानांपिय तिस्स राजा यांची भेट झाली असे परंपरा मानते. महावंसात या भेटीचा जो प्रसंग आहे तो प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. महेंद्र राजाला धम्म सांगण्याआधी समोरच्या आंब्याच्या झाडावरून प्रश्न विचारतो. या झाडाचे नाव काय, याखेरीज आणखी आंबे आहेत काय, आंब्यांखेरीज दुसरी झाडे आहेत काय, आणि ते सगळे आंबे व ती सगळी दुसरी झाडे वगळली तर काही उरते काय? राजा उत्तर देतो की, हे समोरचे झाड उरते. राजा विचार करू शकतो, अशी खात्री झाल्यावरच थेर पुढे बोलतात. ऐकणाऱ्याची बुद्धी जागी आहे की नाही हे आधी पाहणारा असा धर्मोपदेशक जगाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. डोंगराच्या पायथ्याशी प्राचीन रुग्णालयाचे अवशेष आहेत. रुग्णाला औषधी काढ्यात निजवण्यासाठी माणसाच्या आकाराची कोरलेली दगडी कुंडी तेथे पाहायला मिळते. करुणा दगडात कशी कोरतात, ते तिच्यात दिसते.

याच महावंसात आणखी एक नोंद आहे. पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर ज्या ज्या प्रदेशांत थेर पाठवले गेले त्यांच्या यादीत लंकेसाठी महेंद्राचे नाव आहे, त्याच यादीत महारट्ठासाठी महाधम्मरक्खित थेरांचे आणि अपरान्तासाठी, म्हणजे आपल्या कोकणपट्टीसाठी, योनक धम्मरक्खितांचे नाव आहे. एकाच वेळी, एकाच संघाने दोन्ही भूमींत पेरणी केली. तेथे पीक उभे राहिले आणि आपल्याकडे कान्हेरी, कार्ले, अजिंठा येथे रिकामी लेणी उरली. असे का झाले, हा प्रश्न घेऊन जो जाईल त्याला श्रीलंका खऱ्या अर्थाने दिसेल.

रोजच्या जीवनातील गंमती पुष्कळ होत्या. अनुराधपुरात पादत्राणे आणि टोप्या प्रवेशद्वाराशीच काढाव्या लागतात. दुपारी तापलेल्या फरशीवरून चालताना आमच्या मंडळींची उड्या मारीत प्रदक्षिणा झाली, तर तेथील आजीबाई शांतपणे पावले टाकीत होत्या. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अपमानकारक समजतात, याची सूचना आम्ही रोज सकाळी देत होतो. जेवणात भात, मसुराची डाळ आणि ओल्या खोबऱ्याची झणझणीत चटणी. भाकरीची आठवण तिसऱ्या दिवशी निघू लागली. म्हशीच्या दह्यावर माडाच्या जातीच्या किथूल झाडाचा काकवीसारखा पाक घालून देतात, त्याने मात्र सर्वांना जिंकले. सिंहली भाषा कानाला परकी, पण अंक मोजू लागलो तर आठाला ‘अट’ आणि दहाला ‘दहय’. गावाला ‘गम’. मुलांनी बसमध्ये अशा शब्दांची यादीच केली. आणि वंदनेच्या वेळी तर भाषेचा प्रश्नच मिटला. त्यांची चाल वेगळी, उच्चार किंचित वेगळे, पण त्रिसरण आणि पंचशील तेच. अनोळखी देशात, अनोळखी माणसांच्या रांगेत बसून, आईच्या तोंडून ऐकलेली गाथा पुढच्या माणसाच्या तोंडून ऐकू येते, तेव्हा अंगावर काटा येतो.

पौर्णिमेचा दिवस आमच्या सहलीत यावा अशी आम्ही मुद्दाम योजना केली होती. श्रीलंकेत दर पौर्णिमेला, म्हणजे ‘पोय’ दिवशी, सार्वजनिक सुटी असते; दारूची दुकाने बंद असतात. पहाटेपासून पांढरी वस्त्रे नेसलेले उपासक-उपासिका विहारात येतात, अष्टशील घेतात आणि संध्याकाळपर्यंत तेथेच राहतात. कोणी ध्यानाला बसते, कोणी देसना ऐकते, कोणी झाडाखाली बसून पुस्तक वाचते. गोंगाट नाही, ध्वनिक्षेपकावर गाणी नाहीत. कँडीजवळच्या ज्या लहान विहारात आम्ही बसलो, तेथील भिंतीवर महिन्याच्या तारखांपुढे घरांची नावे लिहिली होती. कोणत्या दिवशी कोणत्या घराने भिक्खूंना भोजनदान द्यायचे याची ती यादी होती. आपल्याकडे विहार बांधण्याची वर्गणी उत्साहाने जमते. बांधलेला विहार वर्षभर चालवण्याची अशी यादी आम्हाला फार थोड्या ठिकाणी दिसली आहे.

परंतु सर्वांत मोलाचे दृश्य दिसले ते रविवारी सकाळी. त्याला ते लोक ‘दहम् पासल’ म्हणतात, धम्मशाळा. गावोगावच्या विहारांत रविवारी सकाळी पांढऱ्या गणवेशातील मुले जमतात. इयत्ता असतात, शासनाकडून मिळणारी पाठ्यपुस्तके असतात, परीक्षा असतात. शिकवणारे बहुतेक गावातीलच तरुण आणि शिक्षिका, विनावेतन. एका वर्गात आठ-नऊ वर्षांची मुले जातककथा ऐकत होती. शेजारच्या वर्गात मोठी मुले कम्म आणि दैव यांतील फरकावर शिक्षिकेशी वाद घालीत होती. दुभाष्याने तो वाद आम्हाला सांगितला तेव्हा आम्हाला आमचा वर्ग आठवला. ही व्यवस्था प्राचीन नाही, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांनी बौद्ध मुले ओढून नेली, तेव्हा त्या आव्हानाला उत्तर म्हणून हे सारे उभे राहिले. कर्नल ऑल्कॉट 1880 मध्ये तेथे आले, त्यांनी मुलांसाठी धम्माची प्रश्नोत्तरी लिहिली, शाळा निघाल्या. अनागारिक धर्मपाल याच चळवळीतून घडले. आपल्या घरांवर जो पंचरंगी धम्मध्वज फडकतो तोही 1885 मध्ये कोलंबोत तयार झालेला आहे. म्हणजे जे आपण हजारो वर्षांचे समजतो त्यातील पुष्कळसे, आपल्यासारख्याच कोंडीत सापडलेल्या लोकांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी विचारपूर्वक घडवले आहे. त्यांना जमले ते आपल्याला का जमू नये? त्यांच्याही पुढे आज शिकवणी वर्गांचे संकट आहे. रविवारच्या शिकवण्यांमुळे मोठी मुले धम्मशाळेतून गळतात, अशी तक्रार तेथील शिक्षिकेने केली, आणि आमच्या पालकांनी एकमेकांकडे पाहिले.

एवढे सारे मनापासून मानल्यावर दुसरी बाजू सांगण्याचा अधिकार आम्हाला पोहोचतो. बहुसंख्य विहारांच्या आवारात देवळे आहेत, त्यांना ‘देवाले’ म्हणतात. कँडीत दंतधातू विहाराच्या सभोवती नाथ, पत्तिनी, कतरगम आणि विष्णू यांची देवालये आहेत. बुद्धाला फुले वाहून झाली की तीच माणसे नवस बोलायला तिकडे वळतात. बोधिवृक्षाच्या कठड्यांनाही नवसाच्या चिंध्या बांधलेल्या दिसतात. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली आमची मुले गोंधळली आणि त्यांनी आम्हाला घेरले. आम्ही त्यांना सांगितले की, बाबासाहेबांनी त्या प्रतिज्ञा का दिल्या याचे उत्तर तुमच्या डोळ्यांपुढे आहे. धम्माभोवती कुंपण घातले नाही तर काय आत शिरते ते पाहून घ्या.

जातीचेही तसेच. 1753 मध्ये सयामहून उपसंपदेची परंपरा पुन्हा आणून तेथील संघ उभा करण्यात आला, आणि लवकरच त्या सियाम निकायात केवळ गोविगाम या शेतकरी उच्च जातीलाच प्रवेश राहिला. नाकारल्या गेलेल्या जातींच्या लोकांना ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घ्यावी लागली. त्यातून 1803 मध्ये अमरपूर निकाय निघाला. भिक्खूंच्या रांगेत जात! हॉटेलात सकाळच्या इंग्रजी वृत्तपत्रातील विवाहविषयक जाहिराती आम्ही वाचल्या, तर ‘गोविगाम बौद्ध’ हे शब्द पुनःपुन्हा समोर आले. आपल्या वधूवर मेळाव्यांत पोटजातीचा रकाना अजून कोरा सोडवत नाही, हे आम्हाला ठाऊक असल्याने आम्ही हसलो नाही. स्त्रियांच्या बाबतीतही, संघमित्रेच्या या भूमीत भिक्खुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला. 1996 च्या अखेरीस काही सिंहली स्त्रियांनी सारनाथला येऊन पुन्हा उपसंपदा घेतली, तरी प्रमुख निकायांच्या महाथेरांनी त्यांना मोकळ्या मनाने मान्यता दिलेली नाही. शिवाय राज्यघटनेने धम्माला अग्रस्थान दिलेल्या या देशात सव्वीस वर्षे यादवी युद्ध चालले आणि 1981 मध्ये जाफन्याचे तमिळ ग्रंथालय जाळले गेले. मैत्रीची गाथा रोज म्हणणाऱ्यांच्या देशात हे घडले. हा विषय आपल्या सहलींत कोणी काढत नाही. आमच्या मते तो काढल्याशिवाय सहल अपुरी आहे.

नुवर-एलियाच्या वाटेवर चहाचे मळे लागतात. पर्यटकांची बस तेथे थांबते, हिरव्या उतारावर पाठीला टोपली बांधलेल्या स्त्रियांची छायाचित्रे काढली जातात, चहा पिऊन बस पुढे निघते. आम्ही तेथे अंमळ अधिक थांबलो. इंग्रजांनी तमिळ प्रदेशातून मजुरीसाठी आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांत दलित जातींचे प्रमाण मोठे आहे. 1948 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांतील बहुसंख्य लोक राष्ट्रहीन झाले, आणि उरलेल्यांचा प्रश्न सुटायला 2003 चा कायदा यावा लागला. ब्रिटिश काळातील लांबलचक चाळींच्या एकेका खोलीत अजूनही कुटुंबे राहतात. बाबासाहेबांनी 1950 च्या त्याच दौऱ्यात कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये तेथील अस्पृश्यांना धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले होते, आणि सिंहली बौद्धांनी या लोकांना आपुलकीने जवळ करावे असेही सांगितले होते. आमच्या मंडळींपैकी एका निवृत्त परिचारिका ताईंनी चहा खुडणाऱ्या एका बाईचा हात हातात घेऊन तिच्या बोटांच्या चिरा पाहिल्या. भाषा नव्हती. दोघी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

येथे व्यवहाराची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या सहल कंपनीकडे आम्ही व्यवस्था दिली होती तिच्या मूळ कार्यक्रमात रत्नांच्या दुकानाला दीड तास आणि अलुविहाराला वीस मिनिटे होती. अलुविहार म्हणजे मातले शहराजवळची ती गुंफा, जेथे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, दुष्काळ आणि युद्धाने पाठांतर करणारे भिक्खू नाहीसे होतील या भीतीने, त्रिपिटक प्रथम ताडपत्रांवर लिहिले गेले. आम्ही आग्रहाने वेळा उलट करून घेतल्या. तेथे एका भिक्खूंनी लोखंडी लेखणीने ताडपत्रावर अक्षरे कोरून, वर काजळी चोळून आणि पुसून, ती काळी होऊन उमटताना दाखवली. पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला मुकलेल्या समाजातील मुले ते पाहत होती. त्यांतील एकाने आपले नाव लिहून मागितले. भन्तेंनी सिंहली लिपीत ते लिहून दिले आणि एक पैसाही घेतला नाही.

तेव्हा पुढील सहल ज्यांना काढायची आहे त्यांना आमच्या काही सूचना आहेत. सहलीत एक पौर्णिमा आणि एक रविवार यावाच. निघण्यापूर्वी महिनाभर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ आणि बावीस प्रतिज्ञांचे सामुदायिक वाचन व्हावे, म्हणजे तेथे जे दिसेल ते कशाच्या आधारावर तपासायचे हे ठाऊक राहील. परतल्यावर प्रत्येकाने चार पाने लिहून द्यावीत. खर्च ज्यांना झेपत नाही अशा निदान चार विद्यार्थ्यांचा भार माजी विद्यार्थ्यांनी उचलावा.

आणि एक विनंती आताच. आपल्या शाळेच्या सभागृहात येत्या वर्षावासापासून दर रविवारी सकाळी आठ ते दहा या वेळेत, वसतिगृहातील आणि आसपासच्या वस्त्यांतील मुलांसाठी धम्मवर्ग सुरू करावा, असा प्रस्ताव आम्ही शिक्षकांनी संस्थेपुढे ठेवला आहे. तीन इयत्ता, प्रत्येकी एक शिक्षक, मानधन नाही. महिन्यातून एक रविवार देऊ शकतील अशा माजी विद्यार्थ्यांनी आपली नावे कार्यालयातील वहीत नोंदवावीत. ही स्मरणिका छापायला जाईपर्यंत त्या वहीत सात नावे आली आहेत. त्यांतील एक नाव जेतवनारामाच्या विटा पाहणाऱ्या त्या गवंडी पालकांचे आहे. त्यांनी नावापुढे लिहिले आहे, ‘शिकवता येणार नाही, पण फळा आणि बाके दुरुस्त करून देईन, आणि मागे बसून ऐकेन.’